बाटलीतलं पहिलं गलबत: नागपुरात सामान कुठून घ्यावं, सुरुवात कशी करावी?

ऑरेंजसिटी

नमस्कार मंडळी,

मुलगी नववीत आहे. गेले काही महिने तिने बाटलीतल्या जहाजांचा ध्यास घेतला आहे आणि तिच्यामुळे मीही त्यात गुंतलो. जहाज बाहेर आडवं करून बांधतात, गळ्यातून आत सरकवतात आणि दोरे ओढून डोलकाठ्या उभ्या करतात, एवढं तत्त्व आम्हाला कळलं आहे. आता प्रत्यक्ष करायचं आहे. दिवाळीची सुट्टी हाताशी आहे, त्याआधी लाकूडकाम उरकावं असा बेत आहे.

ऑनलाइन मिळणारे तयार संच पाहिले. त्यात सगळं कापूनच येतं. मुलीचं म्हणणं, जोडायचंच असेल तर मजा काय? मलाही ते पटलं. शिवाय तिला युरोपातलं तीन डोलकाठ्यांचं जहाज नको, आपल्याकडचं काहीतरी हवं आहे.

प्रश्न असे:

बाटली कोणती घ्यावी? पहिल्या प्रयत्नाला कुठलं जहाज झेपेल? लाकूड कोणतं? आतला समुद्र कशाचा करावा? आणि लांब चिमटे वगैरे हत्यारं नागपुरात मिळतील की मुंबईहून मागवावी लागतील? आम्ही प्रतापनगरला राहतो, पण इतवारी, महाल, बर्डी, कुठेही जायची तयारी आहे. घरात कानस, करवत, हातड्रिल आहे. सुतारकामाची सवय बेताची.

---

रंधा

दादा, मुंबईहून काहीही मागवू नका. लागणारं सगळं इथे आहे.

लाकडापासून सुरू करतो. बरेच जण सागवान घेतात, कारण आपल्याकडे सागाचे तुकडे कुठेही मिळतात. या कामाला साग नको. बोटाएवढ्या कामात त्याचा रेषा जाड दिसतो, आणि पातळ कड काढताना तो रेषेवर फुटतो. हळदू मिळाला तर तोच घ्या. बारीक आणि एकसारख्या पोताचं, पिवळसर लाकूड आहे, कशाही दिशेने कापलं तरी कड शाबूत राहते. नाहीतर शिवणीच्या झाडाचं लाकूड. हलकं, मऊ, पोरीच्या हाताला सोपं. लकडगंजात आरा मशीनवाल्यांकडे तुकड्यांचा ढीग असतो, तिथे नाव घेऊन मागा. वीतभर लांबीच्या एका कोरड्या तुकड्यातून तीन-चार नावा निघतील. ओला तुकडा घेऊ नका, नंतर वाकतो.

एक आतली गोष्ट. तान्हा पोळा नुकताच झाला. लाकडी नंदी घडवणाऱ्या कारागिरांच्या हाताला आता थोडी उसंत असते. त्यांच्यापैकी कोणाकडे मुलीला घेऊन तासभर बसा. तुमचं जहाज त्यांच्याकडून करून घ्यायचं नाही, फक्त पटाशी कशी धरतात, नंदीच्या पाठीचा बाक कसा काढतात ते बघायचं. नावेच्या पोटाचा बाक तसाच निघतो. चित्रफितीत हाताचा दाब दिसत नाही, समोर बसलं की दिसतो.

डोलकाठीला बांबू. गडचिरोली-चंद्रपूरच्या बांबूच्या जिल्ह्यांशेजारी राहून टूथपिक कशाला वापरायच्या? टूथपिकचं लाकूड मऊ असतं, भोक पाडलं की तिथेच मोडते. बांबूची चीप तासून दीड मिलिमीटरपर्यंत आणा. गोल करायला लोखंडी पट्टीला तीन, अडीच, दोन आणि दीड मिमीची भोकं पाडा आणि काडी क्रमाने एकेका भोकातून ओढून काढा. पाचच मिनिटांत एकसारखी गोल काडी मिळते. चीप सालीकडची घ्या, तिथला धागा दाट असतो.

आता माप, कारण सगळं इथेच बिघडतं किंवा जमतं. ७५० मिलीच्या बऱ्याच बाटल्यांचा गळा आतून साधारण १८-१९ मिमी असतो. पण प्रत्येक बाटली वेगळी, काच आत कुठे जाड असेल सांगता येत नाही, म्हणून स्वतः मोजा. ड्रिलच्या पात्यांचे मागचे दांडे एकेक घालून पाहिले की नेमका आकडा कळतो. गळा १८ चा असेल तर नाव १४ मिमी रुंद आणि ९ मिमी उंच ठेवा. वर पाचेक मिमी जागा राहते, त्यात आडव्या झोपवलेल्या डोलकाठ्या, शिडं आणि दोरे बसायला हवेत. जाड पुठ्ठ्याला १७ मिमीचं भोक पाडून टेबलावर उभं करा आणि कामाच्या प्रत्येक टप्प्यावर जहाज त्यातून काढून बघा. जोर लावावा लागला तर तिथेच तासा.

---

मचवा

मी मूळचा अलिबागकडचा, नोकरीमुळे इथे. धागा बघून राहवलं नाही.

ताईंना आपल्याकडचं जहाज हवं आहे हे वाचून फार बरं वाटलं. पहिल्यासाठी गलबत घ्या. मराठा आरमारात मोठं लढाऊ जहाज म्हणजे गुराब. दोन डोलकाठ्यांच्या गुराबा १५० टनांच्या आसपास, तीनच्या ३०० टनांपर्यंत जात. गलबत तिच्याहून लहान, मोठ्यातलं मोठंही ७० टनांच्या फारसं वर नाही. चाळीस-पन्नास वल्ही, दोन डोलकाठ्या, त्यातली मागची अगदी बारीक. पुढच्या मोठ्या डोलकाठीवर एकच भलंमोठं त्रिकोणी शीड. म्हणजे तुमच्या बाटलीत फक्त दोन काठ्या आणि दोन शिडं. तीन डोलकाठ्यांच्या युरोपी जहाजावर प्रत्येक काठीला चार-पाच आडव्या काठ्या असतात आणि प्रत्येकीला गळ्यातून जाताना फिरावं लागतं. पहिल्या कामाला तो पसारा नको.

गुराब दुसऱ्या खेपेला करा. तिची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, बुटकी आणि पुढे लांब निघालेली असते, तीच तिची ओळख. तोफा त्या नाळेवरून पुढे मारा करायच्या, फक्त बाजूने नाही. मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती. रुंद पोट गळ्यातून जात नाही, म्हणून तिची नाव उभी दोन भागांत चिरून आत जोडावी लागते.

आता डोलकाठी आडवी कशी होते ते. काठीच्या बुडाशी आरपार अर्ध्या मिमीचं भोक पाडा, त्यातून बारीक तांब्याची तार ओवा, तारेची दोन्ही टोकं खाली वाकवून नावेच्या पाटावर दोन भोकांत रोवा. झाली बिजागरी. काठी मागे, म्हणजे सुकाणूच्या बाजूला झोपली पाहिजे. दोन्ही बाजूंचे ताणाचे दोरे काठीच्या टोकापासून नावेच्या कडेला आणताना ती भोकं काठीच्या बुडाच्या थोडी मागे पाडा. काठी झोपते तेव्हा हे दोरे ढिले पडतात, उभी केली की ताठ होतात आणि तिला आणखी पुढे जाऊ देत नाहीत. पुढचा दोरा काठीच्या टोकापासून नाळेवरच्या काठीतल्या भोकातून बाहेर. तोच तुमच्या हातात राहतो. म्हणून जहाज पिछाडीकडून आत घालायचं, नाळ गळ्याकडे.

कोकणी गलबताची मोठी डोलकाठी पुढे झुकलेली असते, सरळ उभी नसते. हे चित्रकार बऱ्याचदा चुकवतात. तुम्ही बाजूच्या दोऱ्यांची लांबी त्या झोकाला धरूनच बांधा.

आणि एक माप रंधांच्या लिहिण्यात नाही. त्रिकोणी शिडाची तिरकी काठी डोलकाठीच्या बरीच वर जाते. बाटलीच्या छताला लागणार ती, डोलकाठी नाही. समुद्राची जाडी धरून उंची काढा आणि छतापासून चार-पाच मिमी मोकळे सोडा.

---

तर्रीपोहा

हत्यारांसाठी जास्त फिरू नका भाऊ. जुन्या छत्रीची काडी अन् सायकलचा स्पोक, एवढ्यात अर्धं काम होते. स्पोकचं टोक गॅसवर लाल करून चापट करा, वाकवून बारीक हूक बनवा. एक हूक, एक चापट, एक टोकदार. छत्रीच्या काडीला पन्हळ असते, तिच्यातून गोंदाचा थेंब सरकवत आत नेता येते.

लांब चिमटा पाहिजे तर मेडिकल चौकात सर्जिकलच्या दुकानात आर्टरी फोर्सेप भेटते. सरळ तोंडाचा, मोठा मागा. दात लॉक होतात, त्याच्यानं दोरा सुटत नाही. फिशटँकच्या दुकानातले झाडं लावायचे लांब चिमटे बी चांगले आहेत, ते आणखी लांब असतात. ब्लेडचा बोटाच्या नखाएवढा तुकडा स्पोकच्या टोकाला अराल्डाइटनं बसवा, आतला दोरा कापायले तोच लागते. हा तुकडा पोरीच्या हाती देऊ नका, ते काम तुम्ही करा.

दिव्याचं मात्र कोणी सांगत नाही. बाटलीच्या मागे पांढरा कागद अन् बाजूनं एक छोटा एलईडी ठेवा. समोरून उजेड पाडला तर काचेवर चमक येते, आतलं काहीच दिसत नाही.

समुद्राले मी रेझिन वापरतो, दोन द्रव मिसळून ओतायचं अन् ते घट्ट होते. पाणी पाण्यासारखं दिसते. बाकीचे लोक लांबी, म्हणजे काचा बसवायची पुटी लावतात, पण मले रेझिनच आवडते.

---

काचपात्र

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. जहाजांपेक्षा बाटलीच्या आतल्या हवेबद्दल सांगतो, कारण तिथलं नुकसान उशिरा दिसतं आणि दुरुस्त होत नाही.

बाटली आधी. उठावाची अक्षरं, नक्षी, बाजूची शिवण नसलेली, सपाट अंगाची, पारदर्शक बाटली शोधा. जुन्या संत्रा स्क्वॉशच्या काचेच्या बाटल्या अजून कबाड्याकडे सापडतात, गळाही थोडा मोठा असतो. उजेडासमोर फिरवून बघा, मागची रेघ वाकडी दिसली तर तिथली काच लाटांची आहे. दुसरा पर्याय प्रयोगशाळेतला राउंड बॉटम फ्लास्क, म्हणजे गोल बुडाचा चंबू. बी-२४ सांध्याचा घेतला तर तोंड २४ मिमीच्या आसपास, काच स्वच्छ, शिवण नाही. पण गोल असल्याने कडेच्या गोष्टी ताणलेल्या दिसतात. छोटंसं दृश्य करायचं असेल तर तो सुंदर, लांब जहाजाला बाटलीच बरी.

लेबल कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने निघतं. आत मूठभर तांदूळ आणि व्हिनेगर घालून हलवा, धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने विसळा. मग उलटी ठेवून पूर्ण कोरडी होऊ द्या. सध्याच्या दमट हवेत दोन दिवस लागतील. सिलिका जेलची पुडी दोऱ्याला बांधून आत सोडली तर लवकर.

गोंद. क्षणात चिकटणारा गोंद बाटलीच्या आत अजिबात वापरू नका. त्याची वाफ बंद जागेत काचेवर आणि रंगावर पांढरट थर धरते. बाहेर जहाज बांधताना वापरलात तरी आत घालण्याआधी निदान एक दिवस मोकळ्या हवेत ठेवा. आतल्या जोडांना फेव्हिकॉल किंवा सावकाश सुकणारं अराल्डाइट. फेव्हिकॉल पाणी सोडून सुकतो, तेव्हा तोंड उघडं ठेवा.

समुद्राला माझ्या मते लांबी. खिडकीच्या काचा बसवायला सुतार वापरायचे तीच: खडूची पूड आणि जवसाचं तेल. आपल्या विदर्भात जवस पिकतं, तेल सहज मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं, म्हणजे बेलतेल घेतलंत तर लवकर सुकते. पुरीच्या कणकेइतकी घट्ट मळा, त्यात तैलरंगाच्या नळीतला रंग मिसळा. वाटाण्याएवढे गोळे करून स्पोकने आत नेऊन दाबत जा. सुकायला काही आठवडे लागतात आणि त्या काळात तेलाची वाफ काचेवर धूसर थर आणते. म्हणून समुद्र आधी, त्यानंतर निदान तीन आठवडे बाटली उघडी, मग काच आतून पुसून जहाज. जहाज बसवायची जागा तेवढी ताजी लांबी लावून मऊ ठेवायची.

तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि अशा चिंध्या स्वतःहून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून किंवा पसरून वाळवून मग टाका. नागपूरच्या उन्हाळ्यात हे विशेष लक्षात ठेवा.

मुलांची तेलकट माती नको. ती कधी सुकत नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तेल सोडून सैल पडते.

शेवटचं, बूच. सप्टेंबरातली दमट हवा बाटलीत बंद केलीत तर डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा तीच वाफ आतून काचेवर जमते. बूच दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, दुपारी लावा आणि वरून मेणाने बंद करा. तोपर्यंत तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून ठेवा.

---

ऑरेंजसिटी

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, समुद्र आधी आणि जहाज नंतर, हे क्रमाचं आम्हाला माहीतच नव्हतं. आज लांबीचं सामान आणतो.

आता गाडी दोन गोष्टींवर अडली आहे. मुलगी विचारते, दोरा कोणता? शिवणाचा साधा रीळ चालेल का? आणि शिडं कापडाची करायची की कागदाची? तिने मलमलीचं एक शीड कापून पाहिलं, ते गुंडाळल्यावर बरंच जाड होतं.

---

सुईदोरा

मी जरदोजी आणि भरतकाम करते, जहाज एकदाच केलं आहे, पण दोऱ्याचं सांगू शकेन.

आधी दोऱ्याची जाडी काय असायला हवी ते ठरवा. तुमचं गलबत ९ सेंटीमीटरचं आणि खरं गलबत २० मीटरचं धरलं तर प्रमाण साधारण १:२२० येतं. पाच सेंटीमीटर जाडीचा खरा दोर इथे पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे शिवणाचा रीळ फक्त सगळ्यात जाड दोरांना चालेल. बाकीच्यांना एकेरी रेशमाची तार किंवा भरतकामाच्या दोऱ्याच्या सहा पदरांतला एक पदर काढून घ्या. गांधीबागेत आणि इतवारीत भरतकामाच्या सामानाच्या दुकानांत रेशीम तुटक वजनावरही देतात.

सुती दोऱ्याला लव असते, काचेतून पाहिलं की ती केसाळ दिसते. दोरा मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून दोनदा ओढा आणि लगेच दोन बोटांत धरून चोळत न्या, बोटांच्या उबेने मेण आत शिरतं आणि लव बसते. सुती दोरा पावसाळ्यात हवेतली ओल घेऊन ढिला-ताठ होत राहतो, म्हणून जे दोरे कायम ताणलेले राहणार ते पॉलिएस्टरचे घ्या. रंग पांढरा नको. ताणाचे दोरे काळपट, ओढायचे दोरे फिकट तपकिरी. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवले की छान रंग येतो.

गाठीवर गोंदाचा अगदी बारीक ठिपका, सुईच्या टोकाने. मोठा थेंब कडक होतो आणि काठी झोपवताना दोरा तिथेच तुटतो.

बाहेर येणारे ओढायचे दोरे एकमेकांत गुंततात. त्यासाठी पोस्टकार्डाच्या पुठ्ठ्याला कडेने खाचा करा, प्रत्येक खाचेवर आकडा लिहा, दोरा कुठल्या काठीचा ते शेजारी लिहा आणि दोरे त्यात अडकवून ठेवा. दोरे निदान वीतभर जास्त लांब सोडा.

शीड कागदाचंच. या मापाला मलमलीची वीण गोणपाटासारखी जाड दिसते, ताईने बरोबर ओळखलं. पतंगाचा पांढरा कागद किंवा पातळ बाँड पेपर. पट्ट्यांच्या शिवणी दाखवायला बोथट सुईने मागून रेघा ओढा, पेन्सिलीने काढू नका. मग पेन्सिलीवर गुंडाळून हलका फुगवटा द्या. शीड फक्त वरच्या तिरक्या काठीला चिकटवायचं, खालचं टोक दोऱ्यावर मोकळं. आत नेताना ते काठीभोवती सैल गुंडाळायचं. घडी घालू नका, घडीची रेघ आत गेल्यावर निघत नाही.

---

काचपात्र

सुईदोरा ताईंचा पुठ्ठा अप्रतिम, मी टिपून ठेवला.

तर्रीपोहा, तुमच्या रेझिनबद्दल. मिसळल्यावर ते तापतं, जाड ओतलं तर जास्तच. बाटलीची काच एका जागी तापून तडकू शकते. इथल्या एप्रिल-मे मध्ये तर ते भांड्यातच घट्ट व्हायला लागतं. आणि लाट उभी राहत नाही.

---

तर्रीपोहा

काका, जाड ओततच नाही. दोन-तीन मिमीचा थर, एक सुकला की दुसरा, अन् संध्याकाळच्या गारव्यात. लांब नळीचं फनेल काचेले न लागता थेट तळाशी नेतो. तुमचं एक पटलं, लाटा लांबीच्याच चांगल्या. पण किनाऱ्याजवळचं शांत पाणी, खाली खडक दिसतात असं, ते लांबीत होणार नाही. ऑरेंजसिटी भाऊंच्या गलबताले लांबीच लावा, मी माघार घेतो. पुढे कधी खाडी केली तर मले विचारा. हातात ग्लव्हज घालूनच करा, कातडीले खाज सुटते.

---

काचपात्र

खाडीसाठी रेझिन, हे मान्य. थर पातळ ठेवताय म्हटल्यावर माझी हरकत नाही.

---

मचवा

समुद्राच्या रंगावर थोडं, कारण इथे बहुतेक जण निळी नळी पिळतात आणि संपवतात.

अलिबाग, मुरूड, रत्नागिरी, कुठेही किनाऱ्यालगत पाणी शाईसारखं निळं नसतं. हिरवट-करडं असतं, पावसाळ्यात तर मातकट. निळ्यात थोडा पिवळा आणि चिमूटभर तपकिरी घाला. लांबीचे गोळे दोन-तीन छटांत करा आणि आत दाबताना पूर्ण एकजीव होऊ देऊ नका. खोल भाग गडद, नाळेजवळ फिका.

लाटांची उंची प्रमाणात. १:२२० ला एक मीटरची लाट साडेचार मिमी. त्याहून उंच लाटा केल्यात तर गलबत वादळात सापडलेलं दिसेल, आणि तसं असेल तर शीड उतरवलेलं हवं. भरलेलं शीड आणि खवळलेला समुद्र एकत्र बसत नाहीत. माणूस त्या प्रमाणात जेमतेम साडेसात मिमीचा. करायचाच असेल तर सुकाणूवर एकच तांडेल, बास.

फेस. चालत्या गलबताच्या नाळेपाशी दोन्ही बाजूंना पांढऱ्या मिशा निघतात आणि मागे लांब पट्टा उरतो. लांब काडीला बांधलेल्या ब्रशने, जवळपास कोरड्या पांढऱ्या ॲक्रिलिकने, लाटेच्या फक्त माथ्यावर टिपत जा. कापूस लावू नका, वर्षभरात पिवळा पडतो. वाऱ्याची दिशा एकच ठेवा: शीड ज्या बाजूला फुगलंय त्याच बाजूला झेंडा फडकला पाहिजे. वल्ही पहिल्या कामात आत घेतलेली दाखवा, शीड भरलेलं असताना वल्ही मारत नाहीत.

ताईंना इतिहासाची आवड दिसते म्हणून सांगतो. तारीख माहीत असलेलं सगळ्यात जुनं शिल्लक बाटलीतलं जहाज १७८४ चं मानतात. व्हेनिसच्या जिओनी बिओंदो याचं, तीन डोलकाठ्यांचं, आता जर्मनीत ल्युबेकच्या संग्रहालयात आहे. आणि सगळ्यात मोठ्या कामांपैकी एक कलाकार यिंका शोनिबारे यांचं: ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या व्हिक्टरी जहाजाची १:३० प्रतिकृती, ३७ शिडं नक्षीदार रंगीत कापडाची. २०१० मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उभं केलं होतं, आता ग्रिनिचच्या नौकासंग्रहालयात आहे. फोटो बघा, शिडांच्या रंगांवरून बरंच सुचेल.

पुढे कधी तीन डोलकाठ्यांवर हात टाकायचा असेल तर आपल्या नौदलाचं आयएनएस तरंगिणी घ्या. १९९७ पासून सेवेत आहे, गोव्यात बांधलेलं, लांबी ५४ मीटर. १:५०० ला ११ सेंटीमीटरच्या आत बसतं. त्याचे रंगीत फोटो हव्या त्या कोनातून मिळतात, गुराबेचे मिळत नाहीत.

---

रंधा

मचवा भाऊंच्या लिहिण्याला एक जोड. चौकोनी शिडांच्या जहाजात प्रत्येक आडवी काठी मधोमध एकाच गाठीने डोलकाठीला बांधायची, म्हणजे ती फिरून डोलकाठीला समांतर होते. तरंगिणीच्या पुढच्या दोन डोलकाठ्यांना हे लागेल. तिसरीला आडव्या काठ्या नाहीत, तिथे काम हलकं.

दादा, नावेचा तळ पाण्याच्या रेघेवर सपाट कापा. पाण्याखालचा भाग कोरत बसू नका, तो लांबीत जाणार. उंचीतले दोन-तीन मिमी तिथेच वाचतात आणि ती जागा शिडांना मिळते. लांबीत रोवायला तळाशी बारीक तारेचे दोन खिळे ठेवा, नाव सरकत नाही.

---

ऑरेंजसिटी

मंडळी, सामान झालं. लकडगंजात हळदूचा तुकडा मिळाला, दुकानदाराने पैसेच घेतले नाहीत. फोर्सेप मेडिकल चौकातून आणला. महालात चितारओळीला रंगासाठी गेलो होतो, तिथल्या एका मूर्तिकारांनी मुलीला लांब दांड्याचा ब्रश बारीक कातरून दिला आणि कोरड्या ब्रशने माथे टिपायचे कसे ते मूर्तीच्या केसांवर करून दाखवलं. बाटली स्क्वॉशचीच, गळा २१ मिमी. आता नाव १६ मिमी रुंद ठेवू का?

आणि दोरे ओढून डोलकाठ्या उभ्या झाल्या की गोंद आधी की कापणं आधी?

---

रंधा

गळा २१ असेल तर १६ चालेल, उंची १० च्या वर नेऊ नका. पुठ्ठ्याचं भोक मात्र २० चंच ठेवा.

---

मचवा

गोंद आधी. आधी मोठी डोलकाठी, मग मागची, दोन्ही उभ्या करून दोरे ताठ धरा आणि बाहेरच्या टोकांना बाटलीच्या गळ्यावर चिकटपट्टीने पक्कं करा. आता हुकाने शीड मोकळं करा, झोक तपासा, बाजूचे सगळे दोरे ताठ आहेत का बघा. पटलं की नाळेवरच्या काठीत जिथून दोरा बाहेर येतो त्या भोकावर छत्रीच्या काडीने अराल्डाइटचा बारीक थेंब. पूर्ण एक दिवस हात लावू नका. दुसऱ्या दिवशी दोरा किंचित ताणून धरा आणि ब्लेड नाळेला टेकवून खालून वर कापा, वरून खाली नाही. वरून कापताना ब्लेड सटकलं तर थेट शिडात जातं. उरलेलं टोक ओल्या ब्रशने नाळेखाली वळवा.